खिडकीतील जोडा

आइसलंडमध्ये नाताळापूर्वीच्या तेरा रात्री लहान मुले निजण्याआधी आपला जोडा खिडकीत ठेवतात. १२ डिसेंबरच्या पहाटेपासून रोज एकेक याप्रमाणे तेरा भाऊ डोंगरातून उतरतात, अशी तेथील लोककथा आहे. कोणी दुधावरचा फेस पळवितो, कोणी पळी चाटतो, कोणी दारे आपटतो. शेवटचा मेणबत्त्या चोरतो. शहाण्या मुलाच्या जोड्यात सकाळी लहानशी भेट सापडते, हट्टी मुलाच्या जोड्यात बटाटा.

पूर्वी हे भाऊ इतके खेळकर नव्हते. त्यांची आई ग्रिला ही तर मुले खाणारी राक्षसीण. अशा भुताखेतांच्या नावाने आईबाप मुलांना इतके भिववीत, की १७४६ मध्ये सरकारी हुकुमाने त्यास मनाई करावी लागली. पुढे १९३२ मध्ये योहानेस उर कोत्लुम या कवीच्या नाताळगीतांनी तेरा जणांची नावे व क्रम रूढ केला. जोड्याची चालही विसाव्या शतकातच रुळली.

जुन्या धाकापैकी आता बटाटा तेवढा उरला आहे. तोही क्वचितच आणि हसण्यापुरता ठेवावा, हे बरे. भेट एखादे संत्रेही चालते. वडीलधाऱ्यांनी सांभाळावयाचे ते इतकेच : मूल गाढ झोपेपर्यंत थांबावे, आणि तेरांपैकी एकही रात्र चुकू देऊ नये.