मोहोळाचा माग आणि मधाची मालकी

उन्हाळ्यात रानातले पाणी आटले की मधमाशीचा माग काढणे सोपे जाते. उरल्यासुरल्या पाणवठ्यावर माशी येते, पोटभर पाणी घेते आणि थेट मोहोळाकडे निघते. जाणता माणूस उन्हाकडे तोंड करून बसतो. उजेडात उडती माशी चमकते. तिची दिशा धरायची, मग बाजूला सरकून दुसऱ्या माशीची. दोन्ही रेषा मिळतील त्या बाजूला मोहोळ. सातेरीचे असेल तर झाडाच्या ढोलीत नाहीतर वारुळात, आग्याचे असेल तर उंच फांदीला किंवा कड्याला उघडे लोंबणारे. पानांवर पिवळे ठिपके दिसले की मान वर करावी, ती माशांची विष्ठा असते.

ही भूमितीच आहे. माशीच्या नाचाची भाषा उलगडणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ साली नोबेल मिळाले, ते योग्यच झाले. पण त्याच माशीची दिशा नुसत्या डोळ्यांनी वाचणारा कातकरी, कोरकू, गोंड येथील शहाण्यांच्या लेखी अडाणी कसा, हे आम्हास कोणी सांगेल काय?

१९२७ च्या वन कायद्याने मध-मेण वनोपज ठरवले. राखीव जंगलातून ते परवानगीशिवाय नेणे गुन्हा. जीव मुठीत धरून झाडावर चढणारा चोर ठरला! २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची मालकी वननिवासींना दिली. त्यात मध आणि मेण नाव घेऊन लिहिले आहे.

पलित्याने पोळे जाळले की माशा आणि पिल्लेही जातात, हे खरे. पण आपण सोडले ते उद्या दुसरा नेणार असेल, तर राखील कोण? गडचिरोलीतील मेंढा (लेखा) येथील गोंडांनी अभ्यासगट करून पोळे न जाळता मध काढण्याची रीत बसवली. आग्याचा मध फांदीलगतच्या जाड भागात असतो. तेवढाच कापायचा, पिल्लांचा भाग राहू द्यायचा. याच गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला.

ज्या ग्रामसभांचे दावे अजून व्हायचे आहेत त्यांनी अर्जात ‘गौण वनोपज’ एवढ्यावर थांबू नये. मोहोळाची झाडे, कडे, पाणवठे नावानिशी लिहावेत. वनहक्क नियमांत वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब पुरावा म्हणून चालतो आणि या जागा त्यांनाच ठाऊक आहेत.