बारा व्हॉल्व्ह, गार इंजिन

एअर-कूल्ड पोर्शे 911 चे टॅपेट सेट करायचे तर इंजिन पूर्ण गार हवं. हात लावता येतो एवढं गार चालत नाही, गाडी रात्रभर उभी राहिलेली हवी. जर्मनीत तासाच्या भाड्यावर लिफ्ट आणि हत्यारं देणारी गॅरेजं असतात. श्टुटगार्टजवळच्या अशाच एका गॅरेजच्या आवारात मित्राची 1986 ची कॅरेरा आदल्या संध्याकाळी आणून ठेवली आणि सकाळी दोघांनी ढकलत लिफ्टवर घेतली. बाराशे किलोंच्या आसपासची गाडी आहे, घाम निघतो. पण इंजिन दोन मिनिटं चाललं तरी व्हॉल्व्ह तापतात, आणि मग घेतलेल्या मापाला काही अर्थ राहत नाही.

माप आहे 0.10 मिलिमीटर, इनटेकला आणि एक्झॉस्टलाही. व्हॉल्व्ह बंद असताना त्याची दांडी आणि तिच्यावर दाब देणारा रॉकर यांच्यात एवढी फट ठेवायची. गाडी चालते तेव्हा व्हॉल्व्ह तापून लांबतो, हेडही फुगतं. पण एक पोलादाचा आणि दुसरं अॅल्युमिनियमचं, शिवाय दोघांचं तापमान वेगळं. या सगळ्या ओढाताणीत व्हॉल्व्हला आपल्या सीटवर घट्ट बसता आलं पाहिजे, त्यासाठी ही जागा असते.

फट वाढली की टकटक ऐकू येते. मुंबईच्या फियाट टॅक्सीत बसलेल्या पिढीला हा आवाज चांगला ठाऊक आहे. आवाज कानाला बोचतो, व्हॉल्व्ह जरा उशिरा उघडतो, भागांची झीजही होते. पण इंजिन निदान बोलतं तरी. फट कमी झाली की इंजिन गप्प होतं, आणि मला भीती वाटते ती या गप्प होण्याची. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बहुतेक उष्णता सीटवर टेकलेल्या क्षणांतच हेडमध्ये उतरते. 911 मध्ये तर या व्हॉल्व्हची दांडी पोकळ असून आत सोडियम भरलेलं असतं. 98 अंशांना ते वितळतं आणि तोंडाकडची उष्णता दांडीकडे वाहून नेतं. हा सगळा खटाटोप व्हॉल्व्ह जळू नये म्हणून. पण व्हॉल्व्ह सीटवर पुरता टेकलाच नाही, तर कडेच्या फटीतून पेटता वायू निसटत राहतो, कड जळते आणि कॉम्प्रेशन जातं. या सगळ्यात आवाज काहीच होत नाही. सहा हजार आरपीएमला प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला पन्नास वेळा उघडतो आणि मिटतो. तिथे दशांश मिलिमीटरचा निम्मा भागही मोठा असतो.

आधी तेल काढलं, मग झाकणं. समोरासमोर आडवे झोपलेले सहा सिलिंडर, प्रत्येक बाजूला तीन. इनटेकची झाकणं वर, एक्झॉस्टची खाली. वरच्यांपर्यंत पोचताना हात पाइपांच्या आणि वायरींच्या गर्दीतून न्यावा लागतो, आणि गाडीच्या पुढच्या अंगाला असलेल्या सिलिंडरांना तो जेमतेम पुरतो. खालची झाकणं उघडली की हेडमध्ये साचलेलं तेल मनगटावरून कोपरापर्यंत येतं. निघालेली झाकणं मी लगेच जाड काचेवर उलटी ठेवून पाहिली. एखादं जरी डुगडुगलं तरी नवं पॅकिंग घालूनही तिथून तेल गळणार.

प्लग काढले की इंजिन पान्ह्याने हलकं फिरतं. पुलीवरची खूण जुळवायची आणि डिस्ट्रिब्युटरचा रोटर त्याच्या कडेवरच्या खाचेकडे आहे ना, ते बघायचं. नुसत्या पुलीवर विसंबू नये; चार फटक्यांच्या चक्रात पिस्टन दोनदा वर येतो आणि त्यातल्या एकदाच दोन्ही व्हॉल्व्ह मोकळे असतात. पहिला सिलिंडर झाला की 120 अंश पुढे, मग सहावा. दुसरा, चौथा, तिसरा आणि शेवटी पाचवा. गाडी अर्ध्या उंचीवर होती. मी वर स्टुलावर उभा राहून पुली फिरवत होतो आणि इनटेक बघत होतो. मित्र खाली, एक्झॉस्टवर. तो माझ्याहून बराच लहान, पुण्याहून नोकरीसाठी इकडे आलेला. गाडी त्याची आहे, म्हणून खालचं अवघड काम त्यानेच मागून घेतलं.

रॉकरच्या टोकाला पेच असतो आणि पेचाच्या खाली सगळ्या बाजूंना कलणारी छोटी बैठक. इथले मेकॅनिक तिला हत्तीचा पाय म्हणतात. हा पाय आणि व्हॉल्व्हची दांडी यांच्यामध्ये फीलर गेजचं पातं सरकवायचं. पाय कलतो, पातं तिरकं शिरतं, तेलाचा थर फसवतो, आणि हे सगळं बहुतेक वेळा डोळ्यांआड. म्हणून या कामाला बारीक मुठीचं, पातं बदलता येणारं वेगळं गेज मिळतं. काही जण उलट्या बाजूने मोजतात: रॉकरची दुसरी बाजू आणि कॅमची पाठ यांच्यामध्ये. तिथे जागा मोकळी असते, पण रॉकरच्या दोन्ही बाजू सारख्या लांबीच्या नसल्यामुळे माप वेगळं धरावं लागतं. मी हत्तीच्या पायापाशीच मोजतो. जिथे फट हवी तिथलीच फट बोटांना कळावी, असं मला वाटतं.

माझा आग्रह एकाच गोष्टीचा असतो: पेचाला हात लावण्याआधी प्रत्येक फट मोजायची आणि वहीत लिहायची. बहुतेक ठिकाणी असं करत नाहीत. चेकनट सैल करतात, पेच फिरवतात, गेज धरतात, पुढचा व्हॉल्व्ह. काम चुकीचं होत नाही, बाराही व्हॉल्व्ह नीट बसतात. पण मधल्या वीस हजार किलोमीटरांत इंजिनात काय घडलं, ते सांगणारा एकमेव आकडा पुसला जातो. कॅम किंवा रॉकर झिजला तर फट वाढते. सीट झिजून व्हॉल्व्ह हेडमध्ये आत सरकला तर ती घटते. कुठला व्हॉल्व्ह कुठल्या दिशेला चाललाय, हे पेच हलवण्याआधीच काय ते वाचता येतं.

इनटेक सगळे 0.10 ते 0.13 च्या दरम्यान निघाले, चांगले. खालूनही तसेच आकडे येत होते. मग पाचवा सिलिंडर आला.

"दादा, पाचाच्या एक्झॉस्टला गेज जातच नाहीये."

"खूण बरोबर आहे, रोटरही बघितलाय. 0.08 घालून बघ."

"तेही नाही."

0.05 चं पातं गेलं, तेही अडकत. तो चेकनटला पान्हा लावणार तेवढ्यात मी त्याला थांबवलं. पिस्टन वर होता, दोन्ही व्हॉल्व्ह बंद, प्लग निघालेला. हवा भरून गळती तपासायला याहून सोयीची वेळ नसते. गार इंजिनावर ही चाचणी पुरती भरवशाची नाही, पण सहाही सिलिंडर एकाच तापमानाला असतात, त्यामुळे तुलना करता येते. पाचव्यात हवा भरून त्याने सायलेन्सरच्या तोंडाशी कान लावला. फुसफुस इतरांहून जास्त नव्हती, गेजवरची गळतीही त्यांच्याइतकीच. व्हॉल्व्ह अजून जळलेला नाही.

मग सेटिंग. या पेचाच्या पूर्ण वेढ्याला एक मिलिमीटर पडतो, म्हणजे 0.05 साठी वेढ्याचा विसावा भाग. मनगट वळवायच्या विचारानेच तेवढा पेच फिरून जातो. आणि खरी परीक्षा त्यानंतर, चेकनट आवळताना. नट पेचाला वर ओढतो, आट्यांमधली ढिलाई निघून जाते आणि नीट बसवलेलं माप हलतं. एका हाताने स्क्रू ड्रायव्हर दाबून धरायचा, दुसऱ्याने नट आवळायचा, मग पातं पुन्हा घालून बघायचं. ओढताना ते किंचित धरलं पाहिजे, पण वाकता कामा नये. मित्राने पाचव्यावर हे पुन्हा पुन्हा केलं. मी घाई करायला सांगितलं नाही. हा अंदाज ऐकून येत नाही. शेवटी इंजिन दोन पूर्ण वेढे फिरवून बाराही फटी पहिल्यापासून तपासल्या.

झाकणं नव्या पॅकिंगवर बसली, नटांखाली नवे वॉशर, ताण जेमतेम 8 न्यूटन-मीटर. इथे जोर लावणाऱ्याच्या हातात स्टड निघून येतो.

पोर्शेने 911 ला 993 या पिढीपासून हायड्रॉलिक टॅपेट दिले, ते फट स्वतःच सांभाळतात. सोय आहे, नाकारण्यात अर्थ नाही. मात्र तिथे पाचव्या सिलिंडरने आम्हाला ही खबर दिली नसती.

आता प्रश्न उरतो तो त्या 0.05 चा. मागच्या मालकाच्या फाइलमध्ये वीस हजार किलोमीटरांपूर्वीचं गॅरेजचं बिल आहे. त्यावर टॅपेट सेट केल्याची नोंद आहे, मजुरी आहे, पॅकिंगचे पैसे आहेत. मोजलेला आकडा एकही नाही. त्यामुळे ती फट तेव्हाच कमी ठेवली गेली होती, की सीट झिजून व्हॉल्व्ह खरंच आत सरकतोय, हे आज कुणालाच सांगता येणार नाही. मित्राने वहीत बारा जागी आधीचं आणि नंतरचं माप लिहिलं आणि पाचव्या एक्झॉस्टभोवती गोल केला. पाच हजार किलोमीटर झाले की खालचं उजवं झाकण पुन्हा उघडायचं ठरलंय. 0.10 तिथेच असेल तर गाडी निवांत चालवायची, आणि घटलेलं असेल तर हेड उतरवायचं.