घारापुरीचा हत्ती भायखळ्यात काय करतोय?

मी लालबागचा. राणीबागेतल्या दगडी हत्तीजवळून लहानपणी कितीदा गेलो, पण तो घारापुरीचा हे माहीतच नव्हतं. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला ‘एलिफंटा’ म्हटलं. १८६४ मध्ये इंग्लंडला न्यायला उचलताना तो पडून फुटला. पुढे तुकडे जोडले.

आपण बोटीने जातो, त्रिमूर्ती बघतो, परततो. पण सहाव्या शतकातल्या या शिवलेण्याआधीही तिथे बंदर होतं. टेकडीवर विटांचा बौद्ध स्तूप आहे. रोमन मद्यकुंभांची खापरं मिळालीत, म्हणजे तिथला माल इथे उतरायचा. राजा कृष्णराजाची छोटी नाणी सापडली. ती लेणं कोरणाऱ्यांची मजुरी असावी, असा अभ्यासकांचा अंदाज.

म्हणून तिथे खापर दिसलं तर खिशात टाकू नका. जागेवरून हललं की ते काहीच सांगत नाही, आपल्या हत्तीसारखं. भेटू पुढच्या भागात!