मूळनलिकेतील रसायनांचा बेबनाव

दाताची कीड मज्जेपर्यंत पोचली की ‘रूट कॅनाल’ करावे लागते, हे आता घरोघर ठाऊक झाले आहे. परंतु बारीक सुया फिरविल्याने मुळाची नलिका निर्जंतुक होते ही सार्वत्रिक समजूत अर्धीच खरी आहे, कारण नलिकेच्या भिंतीच्या बऱ्याच भागाला सुईचा स्पर्शही होत नाही, आणि तेथील जंतूंचा बंदोबस्त पिचकारीतून सोडलेल्या रसायनांनाच करावा लागतो.

यांत अव्वल मान सोडियम हायपोक्लोराइटचा. पहिल्या महायुद्धात हेन्री डेकिन यांनी ज्याचे अर्धा टक्का द्रावण जखमा धुण्यासाठी प्रचारात आणले, तेच हे द्रव्य. दंतवैद्य ते सहा टक्क्यांपर्यंत तीव्र वापरतात. मृत ऊती विरघळविण्यात त्याची बरोबरी दुसरे कोणतेही प्रचलित द्रावण करीत नाही. भिंतीवर बसलेल्या दंतचूर्णाच्या लेपातील खनिजे मात्र त्याला दाद देत नाहीत. त्यांसाठी १७ टक्के ईडीटीए, आणि जंतुनाशक अंमल पुढेही टिकावा म्हणून कित्येकदा २ टक्के क्लोरहेक्झिडिन योजतात.

आपापल्या जागी गुणकारी असलेली ही द्रव्ये एकत्र आली की बिघडतात. हायपोक्लोराइट नलिकेत शिल्लक असतानाच क्लोरहेक्झिडिन सोडले, तर पाहता पाहता नारिंगी-तपकिरी साका धरतो, दात डागाळतो आणि भिंतीतील सूक्ष्मनलिकांची तोंडे बुजतात. या साक्यात पॅरा-क्लोरोॲनिलीन हे विषारी द्रव्य असल्याचा निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाला. पुढील काही सूक्ष्म तपासण्यांत ते आढळले नाही. तो वाद बाजूला ठेवला, तरी जेथून औषध आत शिरायचे ती वाटच बुजावी, एवढे कारण मला हा संयोग वर्ज्य मानण्यास पुरेसे वाटते.

ईडीटीएचा प्रकार याहून घातक, कारण तेथे साक्याचा वा रंगाचा इशारा मिळत नाही. द्रावण पाण्यासारखे निर्मळच दिसते. परंतु हायपोक्लोराइटमधील सक्रिय क्लोरीन काही मिनिटांत जवळजवळ नाहीसा होतो, आणि ज्या ऊतिविलयनासाठी ते वापरावयाचे, ते सामर्थ्यच लोपते. ईडीटीए व क्लोरहेक्झिडिन यांचा संयोग झाल्यास पांढरा साका पडतो.

म्हणून एक द्रावण संपल्यावर सलाईन किंवा ऊर्ध्वपातित पाण्याने नलिका भरपूर धुवून, कागदी शलाकांनी टिपून, मगच दुसरे सोडावे, हा शिरस्ता आहे. डॉक्टर पुनःपुन्हा पाणी सोडीत असताना रुग्णांनी उतावीळ होऊ नये, आणि बाहेर खोळंबलेल्या गर्दीपायी दंतवैद्यांनीही या धुण्यात हयगय करू नये.