खोक्यावरचे १४४ गेले कोठे?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीतील गोष्ट. माझा भाचा नववीत शिकतो. त्याच्याकडे खेळांचे एक यंत्र, म्हणजे गेम कन्सोल, आहे. परंतु घरातील टीव्ही संध्याकाळी आजीच्या मालिकांसाठी राखीव! तेव्हा वेगळा पडदा घ्यावा असे ठरले. वाढदिवसांची पाकिटे साठवून त्याने बारा हजार रुपये जमवले होते. दुकानात गेलो, विक्रेत्याने २४ इंची मॉनिटर दाखवला, खोक्यावर ठसठशीत अक्षरांत ‘१४४ हर्ट्झ’ असे छापलेले. आम्ही तो घेऊन आलो. घरी जोडून पाहतो तो कन्सोलच्या पडद्यावर आकडा फक्त ६०!

“मामा, खोक्यावर तर १४४ लिहिलंय!” भाचा अगदी रडवेला झाला. त्याची वर्षभराची पुंजी त्यात गेली होती. हे १४४ गेले कोठे, याचा शोध घेता घेता आम्ही दोघेही पुष्कळ शिकलो. ते वाचकांनाही उपयोगी पडेल.

प्रथम हा हर्ट्झ काय प्रकार आहे ते पाहू. पडद्यावरील चित्र हलताना दिसते, पण खरे पाहता ते हलत नाही. एकामागून एक स्थिर चित्रे येत असतात. चित्रपटात सेकंदाला २४ चित्रे असतात. आपल्याकडील जुन्या टीव्हीवर ६२५ रेषांची २५ पूर्ण चित्रे ५० अर्ध्या-अर्ध्या चित्रांच्या रूपाने येत. आजचा साधा मॉनिटर सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो, म्हणून तो ६० हर्ट्झचा. म्हणजे एक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंद टिकते. १२० हर्ट्झला ते ८.३ मिलिसेकंद टिकते.

हे शाळेच्या संगणक-कक्षात डोळ्यांनी पाहता येते. माऊस हातात धरून पडद्यावरील बाण भराभर गोल फिरवा. सलग रेघ न दिसता सुट्या बाणांची माळ दिसेल. एक फेरी अर्ध्या सेकंदात पुरी झाली, तर ६० हर्ट्झच्या पडद्यावर त्या माळेत ३० बाण असतात. १२० च्या पडद्यावर ६०, म्हणून माळ दाट दिसते. दोन प्रकारचे पडदे शेजारी शेजारी मिळाले तर हा प्रयोग जरूर करावा.

खेळात याचा फरक का पडतो? समजा, एक मोटार पडद्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एका सेकंदात जाते. पडद्याच्या रुंदीत १९२० चित्रबिंदू आहेत. ६० हर्ट्झला मोटार दर चित्रागणिक ३२ बिंदू उडी मारते. आपला डोळा मात्र उड्या मारत नाही, तो मोटारीबरोबर सरकत असतो. चित्र जागेवर उभे आणि डोळा पुढे सरकतो आहे, त्यामुळे मोटारीच्या कडा सुमारे ३२ बिंदूंइतक्या पुसट दिसतात. १२० हर्ट्झला हा पुसटपणा निम्मा होतो.

आता आमच्या चोरीस गेलेल्या १४४ कडे वळू. मॉनिटरच्या मागे दोन खाचा होत्या. एक डिस्प्लेपोर्टची व दुसरी एचडीएमआयची. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर बारीक टाइपात लिहिले होते की, डिस्प्लेपोर्टवर १४४, एचडीएमआयवर ७५. आणि कन्सोलला असते फक्त एचडीएमआय! १४४ चा आकडा खोटा नव्हता. तो संगणक वापरणाऱ्यांसाठी खरा होता. शिवाय कन्सोल ७५ हा आकडा वापरत नाही. तो बहुधा ६० किंवा १२० याच दोन पायऱ्यांवर चालतो. म्हणून ७५ पर्यंत चढू शकणारा पडदा ६० वर येऊन बसला. हल्ली स्वस्त मॉनिटर १०० हर्ट्झचे पुष्कळ मिळतात. संगणकाला ते उत्तम, पण कन्सोलला जोडल्यावर त्यांचेही सामान्यतः ६० च होतात.

म्हणजे सर्वांनी १२० चाच पडदा घ्यावा काय? नाही. आधी आपले यंत्र काय देते ते पाहावे. २०१७ साली आलेला निन्टेन्डो स्विच टीव्हीला जोडल्यावर जास्तीत जास्त १९२० × १०८० बिंदूंची ६० चित्रे देतो. त्याला १२० चा पडदा जोडणे म्हणजे बैलगाडीला विमानाची चाके लावणे होय. २०२० साली आलेले एक्सबॉक्स सिरीज एस आणि प्लेस्टेशन ५, तसेच २०२५ चा स्विच २, ही यंत्रे १२० पर्यंत जातात. तरीही प्रत्येक खेळ तेवढी चित्रे देत नाही. कित्येक खेळ ६० वर आणि काही तर ३० वरच थांबतात. भाच्याचे यंत्र सिरीज एस होते, आणि त्याचा मोटारींच्या शर्यतीचा आवडता खेळ १२० चा होता. म्हणून त्याची तक्रार रास्त होती.

तारेतून किती माहिती जाते याचाही हिशेब सोपा आहे. १९२० × १०८० म्हणजे २०,७३,६०० बिंदू. प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी २४ बिट आणि सेकंदाला १२० चित्रे. गुणाकार करा, सुमारे ६ अब्ज बिट येतील. एचडीएमआय २.० ची मर्यादा सेकंदाला १८ अब्ज बिट आहे (त्यातील काही भाग व्यवस्थेतच खर्च होतो), तेव्हा एवढे ओझे तिला सहज पेलते. परंतु ३८४० × २१६० बिंदूंचा, म्हणजे ‘४ के’ पडदा १२० वर चालवायचा तर हाच गुणाकार सुमारे २४ अब्जांवर जातो. तेथे एचडीएमआय २.१ लागते, आणि पडद्याची किंमतही वर चढते.

पण एवढे बिंदू हवेत तरी कशाला? निरोगी डोळ्याला साधारण १ कलेचा, म्हणजे एका अंशाच्या साठाव्या भागाचा कोन ओळखता येतो. २४ इंची पडद्यावर १९२० बिंदू असतील तर एका बिंदूची रुंदी ०.२७७ मिलिमीटर भरते. ही रुंदी सुमारे ९५ सेंटिमीटरवरून १ कलेचा कोन करते. म्हणजे मूल पडद्यापासून मीटरभर लांब बसले तर त्याला बिंदू सुटे दिसणारच नाहीत. तेवढेच बिंदू २७ इंचांत पसरले तर ते अंतर सुमारे १०७ सेंटिमीटर होते. म्हणून कमी पैशांत २७ इंचांचा मोह मी तरी टाळीन. मोठा पडदा आणि तेच बिंदू, म्हणजे एकाच पिठाची मोठी पण पातळ पोळी!

खोक्यावरील दुसरा लाडका आकडा ‘१ मिलिसेकंद’. त्यासाठी पडद्याच्या पोटात डोकवावे लागेल. मागे दिवा, पुढे दोन ध्रुवक पत्रे आणि त्यांच्यामध्ये द्रवस्फटिकांचा पातळ थर, अशी त्याची रचना असते. (ध्रुवक काचांचा गॉगल पडद्यासमोर धरून हळूहळू फिरवा, एका स्थितीत पडदा काळा होईल.) द्रवस्फटिकांचे चमत्कारिक वागणे १८८८ साली फ्रीड्रिश रायनित्झर या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाच्या ध्यानात आले, आणि तेही गाजरातून काढलेल्या कोलेस्टेरॉलवर काम करताना! विजेचा दाब बदलला की हे स्फटिक वळतात व प्रकाश कमी-अधिक सोडतात. वळायला त्यांना वेळ लागतो, तोच हा आकडा. मात्र तो सर्वांत अनुकूल स्थितीत मोजलेला असतो. बहुधा बदलाच्या १० टक्क्यांपासून ९० टक्क्यांपर्यंतचाच वेळ धरतात. त्यामुळे ‘१’ पाहून हुरळून जाऊ नये.

स्फटिकांच्या मांडणीचे प्रकार तीन. टीएन वेगवान, पण बाजूने पाहिल्यास रंग बिघडतात. व्हीए मध्ये काळा रंग खरोखर काळा दिसतो, परंतु स्वस्त पडद्यांत गडद दृश्ये हलताना मागे शेपूट राहते. आयपीएस मध्ये रंग व कोन चांगले, काळा मात्र किंचित करडा. दिवा लावलेल्या खोलीत दोन भावंडे शेजारी बसून खेळणार असतील तर आयपीएस घ्यावा, असे माझे मत.

एक गोष्ट मात्र खोक्यावर सहसा छापत नाहीत, आणि खेळणाऱ्याला तीच अधिक जाचते. बटण दाबल्यापासून पडद्यावर परिणाम दिसेपर्यंतचा विलंब! तो मोजायला भाच्याने मोबाइल वापरला. मंदगती चित्रणात कित्येक मोबाइल सेकंदाला २४० चित्रे घेतात, म्हणजे एक चित्र सुमारे ४.२ मिलिसेकंदांचे. बटणावरील बोट आणि पडदा दोन्ही चौकटीत येतील असा मोबाइल ठेवला आणि खेळातील माणसाला उडी मारायला लावली. मग बोट टेकल्यापासून उडी सुरू होईपर्यंतची चित्रे मोजली. यात यंत्राचा व खेळाचा स्वतःचा विलंबही येतो, म्हणून तोच खेळ ठेवून फक्त पडदा बदलावा आणि दहा-दहा उड्यांची सरासरी काढावी. घरच्या टीव्हीवर आधी बराच विलंब आला. टीव्ही चित्र सुंदर करण्यासाठी त्यावर संस्कार करीत बसतो, त्याचा हा परिणाम. टीव्हीच्या यादीतील ‘गेम मोड’ चालू केला आणि विलंब जवळजवळ निम्म्यावर आला. एक पैसाही खर्च न होता!

हे पाहून आजीने मालिकांनंतरचा एक तास भाच्याला देऊ केला. पण टीव्हीही ६० हर्ट्झचाच होता, आणि त्याला १२० ची शर्यत पाहायची होती. तिसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा दुकानात गेलो. या वेळी कन्सोल पिशवीत घालून नेला होता. विक्रेत्याने आधी कुरकुर केली, पण पुस्तिकेतील ती बारीक ओळ भाच्याने त्याला वाचून दाखवली तेव्हा बदलून द्यायला तयार झाला. दुसऱ्या मॉनिटरला कन्सोल जोडला, यंत्राच्या यादीत १२० चा आकडा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आणि मगच पैसे दिले. सातशे रुपये जास्त लागले. त्या मॉनिटरला ध्वनिवर्धक नाहीत हे घरी आल्यावर कळले. परंतु कन्सोलच्या हातातील नियंत्रकालाच कर्णध्वनी लावायची खाच असल्याने निभावले. आजीच्या मते तर हीच त्या मॉनिटरची सर्वांत चांगली गोष्ट आहे.