विश्लेषण : तप्त धातूवरचा वाफेचा पडदा हादऱ्याने फाटतो की विजेने?

घावन घालण्याआधी तव्यावर पाणी शिंपडले जाते. तवा बेताचा तापला असेल, तर थेंब चर्र करून विरतो. फारच तापला असेल, तर तोच थेंब गोळी होऊन पळत सुटतो आणि उलट जास्त वेळ टिकतो. स्वयंपाकघरातली ही गंमत अणुभट्टीत मात्र धोक्याची ठरते.

थेंब का टिकतो?

धातू साधारण २०० अंश सेल्सिअसच्या वर गेला, की थेंबाच्या तळाचे पाणी क्षणात वाफ होते. जेमतेम ०.१ मिलिमीटर जाडीच्या या वाफेवर थेंब तरंगतो. वाफ उष्णतेची दुर्वाहक असल्याने थेंबापर्यंत उष्णता हळूहळू पोहोचते. जर्मन डॉक्टर योहान लायडनफ्रॉस्ट यांनी १७५६ मध्ये याचे वर्णन केले. आज हा परिणाम त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

धोका कोणता?

नेहमीच्या हवेच्या दाबाला उकळते पाणी दर चौरस सेंटीमीटरमागे सुमारे १०० वॅट उष्णता वाहून नेते. त्यापुढे बुडबुडे एकमेकांत मिसळतात आणि धातूभोवती वाफेचा पडदा धरतो. उष्णता कोंडते आणि तापमान झपाट्याने चढते. पाण्यात बुडालेली तारसुद्धा अशी वितळू शकते. जपानचे शिरो नुकियामा यांनी १९३४ मध्ये अशाच तारांवर प्रयोग करून उकळण्याचे टप्पे मांडले. अणुभट्टीतील इंधनकांड्या या मर्यादेच्या बऱ्याच खाली ठेवण्याचे कारण हेच.

हादऱ्यांनी काय होते?

वर जड पाणी, खाली हलकी वाफ ही रचना मुळात डळमळीत. हादरा बसला, की पाण्याची लाट धातूला टेकते आणि पडदा फाटतो. लालबुंद विळ्याला पाणी देताना तो पाण्यात हलवला, तर लवकर निवतो, तो यामुळेच. मात्र उभ्या दिशेने दिलेली जलद कंपने अशा लाटा दाबूही शकतात. पॅरिसमधील संशोधकांनी २०२० मध्ये कंपनांच्या जोरावर दाट द्रव हवेच्या थरावर तोलून धरला आणि त्याच्या खालच्या बाजूला छोटी बोट उलटी तरंगवली. म्हणजे हादरे पडदा फाडतात, तसे टिकवूही शकतात.

आणि विजेने?

नळाचे पाणी वीज वाहते, वाफ जवळपास नाही. धातू आणि पाणी यांच्यात १०० व्होल्ट दिले, तर ते सगळे ०.१ मिलिमीटरच्या वाफेवर पडतात. तिथले विद्युतक्षेत्र मीटरला १० लाख व्होल्ट इतके होते. पाणी धातूकडे खेचले जाते. व्होल्टेज दुप्पट केले, की ओढ चौपट होते. धन-ऋण टोके बदलली, तरी ओढ धातूकडेच राहते. पडदा जसा पातळ होतो, तशी ती आणखी वाढते.

अडचण कुठे आहे?

पाणी धातूला टेकताच त्यातून वीज वाहू लागते. ते टाळायला धातूवर विद्युतरोधक लेप हवा आणि तो इतक्या उष्णतेत टिकायलाही हवा. इलेक्ट्रॉनिक उपकरणे थंड करणारे अनेक द्रव वीज वाहत नाहीत. त्यांच्यावर ही ओढ कमी पडते. म्हणूनच द्रव आणि धातू कोणते, हे पाहूनच उपाय निवडावा लागतो.