दुखणे आतड्याचे, मुंग्या तळपायांना

क्रोन्स डिसीज किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस या आतड्याच्या दाहाच्या आजारांचा रुग्ण पायांना मुंग्या येतात म्हणून डॉक्टरांकडे जातो, तेव्हा पोटाच्या जुन्या दुखण्याचा विषय बहुधा निघतच नाही. पायाचा आणि पोटाचा काय संबंध, असे त्याला वाटते. संबंध आहे, आणि तो उशिरा कळला तर मज्जातंतूंचे नुकसान कायमचे राहू शकते.

न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील बरिल क्रोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३२ मध्ये क्रोन्स डिसीजचे वर्णन केले, ते लहान आतड्याच्या शेवटच्या भागातल्या दाहाचे. बी-१२ जीवनसत्त्व शरीरात शोषले जाते ते नेमके तिथेच. तो भाग सतत सुजलेला राहिला किंवा शस्त्रक्रियेत बराचसा काढावा लागला, तर जेवणातले बी-१२ रक्तापर्यंत पोचत नाही. यकृतातला साठा मात्र काही वर्षे पुरतो. त्यामुळे त्रास सुरू होतो तो ऑपरेशनचा विसर पडल्यावर. आधी तळपाय बधिर होतात, मग अंधारात चालताना तोल जातो, कारण पावलांची जाणीव मेंदूकडे नेणाऱ्या मज्जारज्जूतल्या तंतूंचे वेष्टण झिजू लागलेले असते. आपल्याकडच्या शाकाहारी घरांत हा साठा मुळातच तुटपुंजा असतो. त्यात रक्त कमी आहे म्हणून नुसत्या फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या सुरू केल्या, तर हिमोग्लोबिन सुधारते, सगळ्यांना हायसे वाटते आणि नसा बिघडतच राहतात. मला हा धोका सर्वांत फसवा वाटतो.

कधी कारण या आजारांवरच्या औषधातही असते. मेट्रोनिडाझोल हे प्रतिजैविक दीर्घकाळ घेतल्यास हातापायांच्या नसांना इजा होऊ शकते. इन्फ्लिक्सिमॅबसारख्या दाह कमी करणाऱ्या औषधांनी, क्वचितच, मेंदूतल्या तंतूंचे वेष्टण खराब होते. म्हणून औषध मनाने बंद करू नये, डॉक्टरांना सांगावे.

एका बाबतीत मात्र थांबायला वेळ नसतो. आतड्याचा आजार उसळलेला असताना रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते आणि क्वचित मेंदूतल्या शिरांमध्ये गुठळी होते. पूर्वी कधी नव्हती अशी तीव्र डोकेदुखी, अंधुक दिसणे, झटका येणे, हात किंवा पाय लुळा पडणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी, त्याच तासाला मोठे रुग्णालय गाठावे.

लहान आतड्याचा क्रोन्स असलेल्यांनी, विशेषतः तो भाग काढलेल्यांनी, दरवर्षी बी-१२ तपासून घ्यावे. गोळी पुरत नसेल तर इंजेक्शन मिळते, तेही स्वस्तात. आणि मेंदूविकारतज्ज्ञांसमोर बसलात, की पहिले वाक्य आतड्याच्या आजाराचे सांगा.